मोठ्या सिस्टरांच्या नावावर

सकाळी नऊला वॉर्डातून फोन आला. "मॅडम, नेटवर्क मेलंय!"

दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळते; इथे काहीही अडलं की आधी माझं नेटवर्क मरतं. मी म्हटलं, "बाकी सगळीकडे धडधाकट आहे. तुम्ही लॉगिन कोणाच्या नावानं करताय?"

पलीकडून हळूच उत्तर आलं, "मोठ्या सिस्टरांच्या."

माझं डोकंच फिरलं. मोठ्या सिस्टर कालच निवृत्त झाल्या होत्या आणि नियमाप्रमाणे त्यांचं खातं आज मीच बंद केलं होतं. खालच्या खोलीतला माझा सर्व्हर प्रत्येकाला आधी नाव आणि पासवर्ड विचारतो, ओळख पटली तरच आत घेतो आणि ज्याच्या कामाचं तेवढंच उघडतो. सिस्टरांना रिपोर्ट, कॅशियरला बिलं. आणि इथे अख्खा वॉर्ड सहा वर्षं एकाच बाईच्या नावावर निवांत चालला होता!

तणतणत वर गेले. धाकट्या सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. धाकट्या आपल्या म्हणायला, नोकरीला वीस वर्षं झालेली. अकराला एका आजोबांचं ऑपरेशन होतं आणि रक्ताचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते.

"तासभर त्यांचं खातं उघडा ना, मॅडम."

"म्हणजे घरी बसलेल्या बाईनं रिपोर्ट पाहिला, अशी नोंद होऊ दे? तुमचं स्वतःचं खातं आहे की!"

"मागे एकदा माझ्या नावावर चुकीचा आकडा गेला. सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. तेव्हापासून धीरच होत नाही हो."

माझा राग तिथल्या तिथे निवला. मी त्यांना नवा पासवर्ड करून दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. दोनदा त्यांनी चुकीचा टाईप केला. तिसऱ्यांदा सर्व्हरनं आत घेतलं.

रिपोर्ट वाईट होता. रक्त गोठायला फार वेळ लागत होता, म्हणजे ऑपरेशन रद्द. आजोबा दोन महिने थांबले होते. सिस्टरांनी रिपोर्टवरची तारीख पाहिली आणि एकदम म्हणाल्या, "अहो, हे रक्त सोमवारी घेतलंय! रक्त पातळ करायची गोळी त्यानंतर बंद केली."

त्यांनी स्वतःच सर्जनना फोन लावला. "सर, आज परत रक्त तपासायला हवं." पलीकडून विचारणा झाली, कोण म्हणतंय? "मी म्हणतेय, सर. रिपोर्ट मी पाहिलाय."

नवा रिपोर्ट छान आला. दुपारी एकला आजोबांना आत नेलं. मी खाली निघाले तेव्हा धाकट्या सिस्टर वॉर्डातल्या दोघींना दरडावत होत्या, "आपापल्या नावानं लॉगिन करा गं!"