कोरडी पाटी

कमलाकांत वकिलांनी पालघरच्या कोर्टात एखादा कागद हजर केला, की न्यायाधीश तो दुसऱ्यांदा उलटून बघत नसत. "सरकारी वकिलांनी दिलाय ना? घ्या रेकॉर्डवर," एवढंच म्हणत. अठरा वर्षांत न्यायाधीश बदलले, पण हे वाक्य काही बदललं नाही. उमरोळीला स्टेशनजवळ दोन खोल्या आणि एक जुनी स्कूटर, एवढाच त्यांचा संसार. पण त्या एका वाक्याच्या जोरावर ते ताठ मानेने चालत.

काम तसं कुणाला आवडावं असं नव्हतं. सरकारी रस्त्यावर, पुलावर, धक्क्यावर कुणाला इजा झाली आणि त्याने दावा लावला, की सरकारच्या बाजूने हे उभे. कोळीवाड्यातली त्यांचीच माणसं तोंडावर म्हणत, "शिकलास, मोटा झालास, आनी आमच्याच विरुद्ध उबा राहिलास." ते हसून सोडून देत. बोईसरच्या एका माणसाने रस्त्यातल्या खड्ड्यात पाय मोडला म्हणून दावा लावला होता. तो पाय क्रिकेट खेळताना मोडला, हे दवाखान्याच्या केसपेपरवरून यांनीच शोधून काढलं होतं. खोट्याला सरकारच्या दारात उभं राहू द्यायचं नाही, हे आपलं काम आहे असं ते मानत, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

घरी बायको नर्मदा होती तोवर प्रत्येक नवी केस आधी तिच्यासमोर चालायची. ती मासळी विकून यायची, विळीवर घरचे मासे कापायला बसायची आणि हे पाटावर बसून बाजू मांडायचे. शेवटी ती एकच विचारायची, "तुला पटलाय का?" पटलेलं नसलं तर तो मुद्दा ते कोर्टात मांडत नसत. गेल्या दिवाळीच्या आधी नर्मदा गेली. तिची मासळीची पाटी मागच्या पडवीत भिंतीला टेकून होती. शेजारणीने ती दोनदा मागितली. दोन्ही वेळा यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्या जुलैत गोदूबाईची केस पुराव्याला आली. वेळूपाड्याची गोदूबाई म्हणजे नर्मदेच्या जोडीने बाजार करणारी बाई. दोन वर्षांपूर्वी, बारा जुलैला, किनाऱ्यावरच्या नव्या पायऱ्यांशेजारी गटाराच्या चेंबरमध्ये तिचा पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. चेंबरला झाकण नव्हतं, असं तिचं म्हणणं. पायऱ्या किनारा बांधकाम उपविभागाने बांधलेल्या, म्हणून दावा सरकारवर.

उपविभागाचा उपअभियंता इंद्रजीत एक रिपोर्ट घेऊन वकिलांकडे आला. तो सोलापूरकडचा, हुशार, तिशीतला. रिपोर्टवर तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची होती. त्यात लिहिलं होतं : झाकण जागेवर होते. सदर महिला नुकत्याच किनाऱ्याला लागलेल्या बोटींवरून ताज्या मासळीची जड पाटी घेऊन येत होती. पाटीतून गळणाऱ्या पाण्यावर पाय घसरून ती पडली.

"साहेब, एवढ्यावर दावा उडतो," इंद्रजीत म्हणाला. "त्यांच्या दाव्याआधीच्या नोटिशीतसुद्धा ओल्या मासळीची पाटी असंच लिहिलंय. त्यांनी स्वतःलाच बांधून घेतलंय."

कमलाकांतांनी दोनदा वाचलं. खरंच, दावा उडत होता. "उद्या कागदांची यादी करतो, परवा हजर करू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस झोडपत होता. पडवीचं एक कौल सरकलं होतं आणि धार थेट नर्मदेच्या पाटीवर पडत होती. ते धावले. पाटी उचलून पदराने पुसावी तशी पंच्याने पुसली आणि आत आणून ठेवली. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. पावसाळ्यात नर्मदा स्वतः चिंब व्हायची, पण पाटीवर प्लास्टिक दोन वेळा गुंडाळून सुतळीने आवळायची. "मी भिजले तर वाळंन. सुकट भिजली तर फुकट गेली," म्हणायची. जून-जुलैत मासेमारीला समुद्र बंद. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. बायका सुके बोंबील, सुकट, वाकट्या घेऊन मासवणकडच्या गावांना जायच्या.

बारा जुलैला कुठली बोट किनाऱ्याला लागणार? कुठलं पाणी गळणार?

ते तिथेच जमिनीवर बसले. कोळ्याचा मुलगा असून आदल्या दिवशी आपल्या हे ध्यानात आलं नाही, याची त्यांना लाज वाटली. सगळं स्पष्ट होतं. गोदूबाईच्या ठाण्याच्या वकिलाने कोळीण म्हटल्यावर ओली मासळी असं ठोकून दिलं, आणि ती नोटीस आल्यावर कुणीतरी ती समोर ठेवून हा रिपोर्ट तयार केला. तारीख मात्र मागची टाकली. न्यायाधीश ठाण्याकडचे, समोरचा वकील ठाण्याचा. कोर्टात हे ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो सरकारच्या बाजूने उभा होता. यादीत हा कागद घातला तर केस खिशात. पण मग "सरकारी वकिलांनी दिलाय ना" या वाक्याला काय अर्थ राहिला?

त्यांनी इंद्रजीतला फोन केला. "जागा बघायची आहे. चला माझ्याबरोबर."

"आता? या पावसात?"

"पावसातच बघायची आहे."

वेळूपाड्याच्या किनाऱ्यावर एकही बोट पाण्यात नव्हती. सगळ्या वर ओढलेल्या, ताडपत्रीने झाकलेल्या, दोरांनी बांधलेल्या. एका झावळ्यांच्या मांडवात चार बायका जाळी शिवत बसल्या होत्या. गोदूबाई त्यांच्यात होती, काठी बाजूला ठेवून.

"बगा ग, सरकार आला!" ती ओरडली. "कमलाकांता, छत्री तरी सरकारकडनं मागून घे!"

बायका खिदळल्या.

"मावशी, तुझा वकील नसताना माझ्याशी बोलू नको. कायद्यात बसत नाही," कमलाकांत लांबूनच म्हणाले.

"तुज्या लग्नात माज्या हातची तीन ताटां जेवलास, तवा वकील लागला नाय!"

इंद्रजीतला हसू आवरेना. कमलाकांतांनी त्याला पुढे बोटींपाशी नेलं आणि रेनकोटच्या आतून रिपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. "वाचा. मोठ्याने नको, मनात वाचा. आणि कुठली बोट नुकतीच लागली ते मला दाखवा."

इंद्रजीतने वाचलं. समोर बघितलं. पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"समुद्र कधीपासून बंद असतो?" त्याने विचारलं.

"पहिल्या जूनपासून जुलै संपेपर्यंत. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं इथं."

इंद्रजीतने रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाला, "मी लिहिलाय साहेब. नोटीस आली तेव्हा वरून सांगितलं, फाइलमध्ये काहीच नाही, काहीतरी लावा. मी नवीन होतो."

"झाकण होतं का?"

"नव्हतं. स्टोअरमध्ये पडून होतं. गाडी मिळाली नाही म्हणून तीन आठवडे बसवलं नाही. स्टोअरच्या रजिस्टरला ते आहे."

"उद्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहणार. शपथेवर हे सांगणार का?"

"तुम्ही हा रिपोर्ट हजर करणार नसाल तर मी वर काय सांगू? ते दुसरा वकील मागतील."

"मागू देत," कमलाकांत म्हणाले. "पण तोवर सरकारचा वकील मी आहे. चोराला सोडवायला मला नेमलेलं नाही आणि सरकारला चोर करायलाही नाही. माझं मत मी आजच लेखी देतो. तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी खरंच त्याच दिवशी दोन पानांचं मत लिहिलं आणि कोळगावला मुख्यालयात स्वतः नेऊन दिलं. रिपोर्ट मागे घ्यावा, झाकण नव्हतं हे मान्य करावं, आणि भरपाई किती एवढ्यावरच लढावं. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी खात्याच्या उत्तरासाठी मुदत मागितली आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. त्यात एकदा वरचे साहेब फोनवर म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही कुणाचे?" यांनी उत्तर दिलं, "तुमचाच. म्हणून तर सांगतोय." हे बोलणं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरी कुणी नव्हतंही.

तारखेच्या सकाळी इंद्रजीत कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा होता. हातात स्टोअरचं रजिस्टर. "वर बोललो साहेब. लेखी सूचना आली आहे. तुम्ही लिहिलंत तसंच." त्याने रजिस्टर पुढे केलं. "मला कारणे दाखवा नोटीस मिळणार, असं दिसतंय."

"उत्तर लिहायला माझ्याकडे या," कमलाकांत म्हणाले आणि आत गेले.

गोदूबाई काठी टेकत पिंजऱ्यात चढली. उलटतपासाला हे उठले तशी ती हनुवटी वर करून यांच्याकडे बघू लागली.

"बाई, त्या दिवशी पाटीत काय होतं?"

"सुकट आनी बोंबील."

तिचा वकील दचकला. "दाव्यात ओली मासळी लिहिलंय," तो पुटपुटला.

"तुमी लिवलाय!" ती त्याच्यावरच उखडली. "जुलैत ओली काय तुमी पकडून आणली व्हती? मी आंगठा दिला, वाचला कुनी?"

न्यायाधीशांनी हसू लपवत लिहून घेतलं.

"दाव्यात लिहिलंय, तुम्ही अंथरुणाला खिळला आहात."

"खिळले असते तर हितं चडले असते का? काठीनं चालते. पन डोक्यावर पाटी घेऊन मासवणला जाता येत नाय. आता सून जाते. ता लिवा."

"तेही लिहून घ्यावं," कमलाकांत म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही."

मग न्यायाधीशांनी विचारलं, "सरकारतर्फे चेंबरच्या झाकणाबद्दल काय?"

"झाकण नव्हतं, सर. खात्याला मान्य आहे. त्यांची लेखी सूचना दाखल करतो. दाव्यात लिहिलेली मागणी मात्र मान्य नाही. बाई चालतात, जाळी शिवतात. तेवढं वजा करून जे योग्य ठरेल ते सरकार देईल, आणि त्यावर मी पूर्ण ताकदीने भांडणार आहे."

न्यायाधीश सूचनेच्या कागदाकडे न बघताच लेखनिकाला म्हणाले, "सरकारी वकील सांगतायत ना? घ्या लिहून."

आणि कमलाकांत खरंच भांडले. दुपारी दोन तास भांडले. डॉक्टरांच्या दाखल्यातल्या प्रत्येक ओळीवर अडले. निकाल लागला तेव्हा मागितल्यापैकी निम्म्याच्या आसपास मंजूर झालं होतं.

बाहेर गोदूबाई बाकावर बसली होती. वकील शेजारीच होता, तेव्हा बोलायला हरकत नव्हती.

"मेल्या, अर्ध्यावर आनलास," ती म्हणाली.

"तुझा वकील कच्चा होता, मावशी."

ठाण्याचे वकील दुसरीकडे बघू लागले. ती फिस्सकन हसली आणि काठी जवळ ओढून म्हणाली, "नर्मदा असती तर तुला काय विचारली असती, ठावं हाय ना?"

"माहीत आहे."

"मंग? काय सांगशील?"

कमलाकांतांनी गळ्यातला पांढरा बँड सोडला, घडी करून खिशात ठेवला. "पटलंय," ते म्हणाले, आणि तिला पायऱ्या उतरायला हात पुढे केला.