डावा कान

वैशाख पेटला होता. आकाशाचं तापलेलं पातं कोळशाच्या काळ्या गावावर उगारलेलं. झाडांच्या सावल्या बुंध्यांशी अंग चोरून बसलेल्या. दुपारी दोनला खाणीत सुरुंग उडाला, धरित्रीच्या गर्भात लाथ बसावी तसा. फळीवरची भांडी थरथरली, भिंतीतून माती झरली. रोज उडे, रोज झरे.

त्या रोजच्यासारख्या दुपारी अडुसष्ट वर्षांची सगुणाबाई लिहीत होती. रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी कागदावर दाबून, पेन विळ्यासारखा मुठीत धरून. चौसष्टाव्या वर्षी वाचनालयाच्या वर्गात तिनं पहिलं अक्षर गिरवलं होतं. आता त्याच वाचनालयाच्या मेळाव्यात रविवारी तिचं लेखन ती स्वतः वाचणार होती. पाच मिनिटं. उभ्या जन्मात तिच्या वाट्याला आलेली पहिली पाच मिनिटं.

लेक वनमाला शाळेत मराठी शिकवी. लाल पेनाशिवाय तिला वाचताच येत नसे. ऱ्हस्व मारीत, दीर्घ जोडीत ती बाबांवरच्या एका ओळीशी अडली: ‘मालकानं मारलं. माझा डावा कान फुटला.’

चाळीस वर्षं हा कान घरात बहिरा होता, आणि चाळीस वर्षं त्याचं सांगितलेलं कारण एकच होतं. डॉक्टरांना, शेजारणींना, माहेराला. मोरीत पडली.

वनमालेच्या लाल शाईनं ‘मालकानं मारलं’ या शब्दांचा गळा चिरला. वर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘मी मोरीत पडले.’

“काहून खोडलं व बाई?”

“चूक होती, माय. शुद्धलेखनाची.”

सगुणाबाई खुदकन हसली. “मोरी बिचारी! तिनं कदी कोनाले हात नाई लावला.”

“सारं गाव येईल मेळाव्याला.”

“म्हनूनच त लिवलं!”

 खाली मान घालून वनमाला पुढची ओळ सुधारत राहिली.

दुसऱ्या सकाळी चहाचं आधण उकळत असताना सगुणाबाईच्या मेंदूतली शीर फुटली. रक्तानं आतून दारं तोडली, आतून भिंती पाडल्या. तासाभरात तो देह लुटलेल्या घरासारखा रिकामा झाला.

रविवारी वनमालेनं चपला घातल्या तेव्हा आत्या कडाडली, “सुतकात बाई माईकवर बोलते का कुठं? माझ्या भावाची अब्रू तरी पाहा!”

वनमाला गेली.

सभागृहात ऊन खिडक्यांच्या गजांमधून भाल्यांसारखं घुसत होतं. पांढऱ्या केसांच्या, काळ्या हातांच्या बायांच्या रांगा निश्चल बसल्या होत्या. वनमाला वाचत गेली. मायचं माहेर, मायचं लग्न, मायची चूल. मग लाल ओळ आली, आणि तिचा आवाज जखमी जनावरासारखा जागीच कोसळला.

तिनं कागद खाली ठेवला.

“ही ओळ मायची नाही. माझ्या बाबांनी तिला मारलं. पाटा-वरवंट्याचा वरवंटा उचलून मारलं. मी नऊ वर्षांची होते, दारात उभी होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा माय काहीच बोलली नव्हती. माझ्याकडे बघत होती, नुसती बघत होती. मोरीत पडली, हे मी सांगितलं. पहिल्यांदा मी सांगितलं, माय. मी.”