बिनतोटीचा नळ

“तुना भाषण करायचं न्हाय, काळूराम. ‘पानी पुरत न्हाय’ येवढं बोलायचं न् खाली बसायचं.”

काळूराम खड्ड्यातल्या पाण्याच्या वॉलवर लांब चावी बसवून ती वाकून फिरवत होता आणि मनात आटे मोजत होता. पाच, सहा, सात. आटे मोजताना हा माणूस कोणाशी बोलत नाही, हे केसरीनाथशेठना एकोणीस वर्षांत पाठ झालं होतं. तेही पहाटेच्या गारठ्यात मफलर सारखा करत थांबले. नऊ झाले. पाण्याची थरथर चावीच्या दांड्यातून तळव्यात आली, तेव्हा त्याने मान वर केली.

“सभा कवा हाय?”

“उद्या, चारला. दाजीच्या जागंत तीनशे घरं व्हायची हायेत. म्हंजे बाराशे मानसं. मतदारयादीत आपन शोधून सापडनार न्हाय. गाव कोनाचं ऱ्हाईल, सांग?”

हे शेठ अगदी मनापासून बोलत होते. त्यांच्या साठ खोल्या रिकाम्या होतील, हेही मनात होतं. पण ते काही बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

उंबरशेत हे गाव भिवंडीजवळ, वडपे आणि पडघ्याच्या मधलं, हमरस्त्यापासून थोडं आत. भाताच्या खाचरांवर गोडाऊनं आली, गोडाऊनांमागून माल चढवणारे-उतरवणारे आले आणि त्यांना राहायला केसरीनाथशेठच्या पत्र्याच्या चाळी आल्या. पाण्याची टाकी तेवढी जुनीच राहिली. काळूराम ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. तो पहाटे एकेका गल्लीचा वॉल उघडायचा आणि वीस मिनिटांनी बंद करायचा. नळ बंद करावा लागेल इतका वेळ पाणी कोणाकडे टिकायचंच नाही, त्यामुळे गावात नळाला तोटी बसवण्याची पद्धत नव्हती. भिंतीतून पाइप बाहेर आला की झाला नळ. पाहुणे हसायचे, पण गावाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आता दाजींनी आपली जमीन स्वस्त घरांच्या योजनेला दिली होती. इमारती उभ्या करायला गावाकडून पाण्याचा दाखला हवा होता आणि तो ग्रामसभेने द्यायचा होता. पाणी पुरत नाही असं ठरलं की विषय मिटला.

“तुजी वैशाली माज्या मांडीवर खेळलीय,” शेठ जाता जाता म्हणाले. “मी तुज्या वाइटावर हाय का?”

नव्हतेच. आतल्या पाड्यावरून काळूराम बायको-पोरीला घेऊन आला, तेव्हा शेठनीच खोली दिली होती आणि भाडं कधी घेतलं नव्हतं. वैशालीच्या लग्नाचा मांडवही त्यांनीच घातला. काळूराम हे विसरला नव्हता.

तिसऱ्या गल्लीचं पाणी झाल्यावर तो मारुतीच्या देवळामागे गेला. तिथली फरशी त्याने पायाने बाजूला सरकवली आणि खालच्या वॉलवर चावी बसवली. या वॉलला नंबर नव्हता. पंचायतीच्या कागदावर गावात सहा वॉल होते, हा सातवा. याला अठरा आटे, आणि हा दीड तास चालायचा. इथलं पाणी हमरस्त्याजवळच्या शेठच्या टाकीत जायचं आणि तिथून टँकर भरून गोडाऊनांना. शेठची बोअर आहे, असं सगळा गाव समजत होता. बोअर होतीही, पण तिला आटून वीस वर्षं झाली होती. काळूरामची बिनभाड्याची खोली या फरशीसाठी होती. सुरुवातीला त्याला हे टोचायचं, मग टोचेनासं झालं.

दुपारी तो टमटमने भिवंडीत वैशालीकडे गेला. खाली कापड विणणारे लूम, वर तिची खोली. जिन्याखाली दोन लोखंडी टेकू दिलेले आणि दारावर नोटीस: इमारत राहण्यास धोकादायक, होळीपूर्वी रिकामी करावी. वैशालीने चहा दिला. लूमच्या धक्क्याने कप बशीत खुळखुळ वाजत होता. तिचा सहा महिन्यांचा सार्थक त्या खडखडाटात गाढ झोपला होता.

“खोली बघितली का कुठं?”

“बघतोय ना. जीवन शिफ्ट सुटली की रोज फिरतो. भाडं ऐकलं की आत जाऊन खोली बघायची पण हिंमत होत नाही, बाबा.” ती वडप्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती आणि नवरा जीवन दापोड्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. दोघं मिळून कमवायची, तरी ही गत. “दाजीकाकांच्या बिल्डिंगच्या यादीत आपलं नाव लागलंय. पण दाखलाच नाही मिळाला तर यादी घेऊन काय करणार?”

काळूरामने शेठचं बोलणं सांगितलं. मारुतीमागचा वॉल त्याने आजवर पोरीला सांगितला नव्हता, तोही सांगितला. सांगताना तो खाली बघत होता.

“तुम्ही त्या वॉलचं काय बोलू नका उद्या,” वैशाली म्हणाली. “तुमची खोली जाईल. आईला घेऊन या वयात कुठं जाणार?”

“तुजी जातेच हाय ना.”

तेवढ्यात लाइट गेली. खालचे लूम एकाएकी थांबले, आणि सार्थक दचकून उठला नि रडू लागला. वैशाली त्याला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली. लाइट येऊन खालचं धडधडणं सुरू झालं, तेव्हा कुठे पोर शांत झालं. काळूरामला ते बघवलं नाही. चहा तसाच ठेवून तो उठला.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. अध्यक्षपदावर सरपंच करिष्मा, केसरीनाथशेठची सून. जागा बायकांसाठी राखीव झाली, म्हणून शेठनी तिला उभं केलं होतं. सही करायला घरचं माणूस असलेलं बरं, इतकाच त्यात विचार. पण या मुलीला सही करण्याआधी कागद वाचायची खोड होती, आणि ती अजून कोणाच्या फारशी लक्षात आली नव्हती.

शेठचा पुतण्या भूपेश टँकर चालवायचा. तोच आधी उठला. “हितं आपल्यालाच पानी न्हाय. बाहेरच्यांना काय पाजनार?”

“बाहेरचे म्हंजे कोन रं?” चाळीतली काशी बसल्या जागेवरून ओरडली. “बारा वरसं हितं ऱ्हातंय मी. मतदान हितलं, आधार कार्ड हितलं. खोली तेवडी माजी न्हाय. आनखी किती वरसं मी बाहेरची?”

“घर मिलेगा तो हम भी गाँव के हो जाएँगे, सेठ,” मागून एक हमाल म्हणाला. काही जण हसले, काहींनी वळून रागाने बघितलं. दाजी म्हणाले, शेती राहिली नाही, निदान पोरांना जवळ घरं तरी मिळू देत. त्यावर कोणीतरी गटाराचा विषय काढला, कोणी शाळेचा. दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं होतं, आणि आवाज वाढत चालले होते.

“भांडताय कशाला?” केसरीनाथशेठ शांतपणे म्हणाले. “पानी सोडनाऱ्यालाच इचारा की.”

काळूराम उठला. “पानी पुरत न्हाय,” तो म्हणाला आणि बसायला वाकला.

“थांबा, काळूरामदादा,” करिष्मा म्हणाली. तिच्यापुढे दाखल्याचा अर्ज होता. “हे गल्लीप्रमाणे भरायचंय. पहिल्या वॉलपासून सांगा. किती वाजता उघडता, किती वेळ चालतो.”

काळूरामने आपलं काम आजवर कोणाला शब्दांत सांगितलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि मनातल्या मनात चालायला लागला. उजवा हात हवेत चावी फिरवल्यासारखा फिरत होता, ते बघून पोरंटोरं खिदळली.

“पयला शाळेजवळचा. सवाचारला. नऊ आटे, वीस मिन्टं. मंग दुसरा, पिंपळाखालचा. आठ आटे, वीस मिन्टं. तिसरा दाजींच्या गल्लीचा. नऊ आटे. वीस.”

ग्रामसेवक लिहीत होता. काळूरामचा हात थांबला. दाजींच्या गल्लीतून चौथ्या वॉलकडे जाणारी वाट मारुतीमागून जाते. ‘चवथा’ एवढा शब्द उच्चारला की तो पार पडला असता.

“पुढं?” ग्रामसेवकाने विचारलं.

काळूरामने डोळे उघडले. समोर शेठ बसले होते. मफलर गळ्यात, दोन्ही हात गुडघ्यांवर.

“आदी एक लिवा, बाय. त्या घरांच्या यादीत माज्या पोरीचं नाव हाय. मागनं कोन बोलायला नको.” मग तो म्हणाला, “चवथ्याच्या आदी मारुतीमागचा. त्याला नंबर न्हाय. अठरा आटे. दीड तास.”

“तो कुठल्या गल्लीचा?”

“गल्लीचा न्हाय. शेठच्या टाकीचा. मीच उघडतंय, एकोनीस वरसं.”

क्षणभर कोणाला काही उमगलंच नाही. मग दाजी उठले, काठी टेकत देवळाकडे निघाले, आणि अर्धी सभा त्यांच्यामागे धावली. फरशी उचलल्याचा आवाज पटांगणापर्यंत आला. त्या गोंधळात काळूरामने चौथा, पाचवा, सहावा हे वॉलही सांगितले, कारण फेरी अजून पुरी झाली नव्हती. ते फक्त करिष्माने ऐकलं. ग्रामसेवकाच्या हातून पेन घेऊन तिने अर्जावर सातही ओळी भरल्या, खाली सही केली आणि शिक्का मारला. तिच्या घरी त्या दिवशी काय झालं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला पंचायतीत येऊन बसली होती.

शेठ संध्याकाळी एकटेच काळूरामच्या दारात आले. त्याच्या बायकोने, ठकुबाईने, घाईने पाट मांडला, पण ते बसले नाहीत.

“मी तुना कवा शिवी दिली?”

“न्हाय, शेठ.”

“कवा उपाशी ठेवला?”

“न्हाय.”

“मंग?”

काळूरामला फार वाईट वाटत होतं. ते खरं होतं, आणि बोलला त्याचा पस्तावा होत नव्हता, हेही खरं होतं. शेठनी जरा वेळ वाट पाहिली. “होळीपर्यंत खोली खाली कर,” ते म्हणाले आणि गेले.

ठकुबाई चुलीपुढे बसून रडली. “चवथा बोलला असतास तर काय झालं असतं?”

“पाय तितंच अडला. वॉल सोडून पुढं कसा जाऊ?”

दोन दिवसांत चौकशीही झाली. बेकायदा वॉल कोण उघडत होतं, या प्रश्नाला भर सभेत एकाच माणसाने होय म्हटलेलं. काळूरामला कामावरून कमी केल्याचा कागद निघाला आणि त्याच्या जागी भूपेशची नेमणूक झाली. चावी काळूरामची स्वतःची होती. भंगारातला लूमचा शाफ्ट आणून त्याने ती लोहाराकडून घडवून घेतली होती. तीही त्याने भूपेशला दिली, आणि कुठल्या वॉलला किती आटे ते दोनदा म्हणून घेतलं.

मारुतीमागच्या खड्ड्यात लोकांनी सिमेंट ओतलं. पाणी पुरतं असं लिहून दाखला वर तालुक्याला गेला. सगळं सुरळीत झालं तर घरं तीन वर्षांनी मिळणार होती. होळी पंधरा दिवसांवर होती. जीवनने पडघ्याला एक खोली शोधली, पाच माणसांत एक. ठकुबाईने भांडी गोणपाटात बांधायला घेतली.

कामावरून गेल्यानंतरच्या पहिल्या पहाटे काळूराम चारलाच जागा झाला. करण्यासारखं काही नव्हतं. तो उंबऱ्यावर बसून राहिला. त्यांच्या चाळीचा नंबर पाचवा. नळ खाकरला, पाणी आलं. ठकुबाईने हंडा लावला, मग कळशी, मग बादली. वीस मिनिटं झाली असतील, असं काळूरामच्या हाताला कळलं, आणि त्याने हात आवळला.

पाणी गेलं नाही.

भूपेश आटे विसरला की काय, म्हणून तो उठून बाहेर आला. पण चाळीतल्या सगळ्याच दारांत बायका उभ्या होत्या. चौथ्या गल्लीतूनही भांड्यांचा आवाज येत होता. मारुतीमागे जाणारं दीड तासाचं पाणी आता गल्ल्यांत वाटलं गेलं होतं. ठकुबाईने गोणपाट सोडून बांधलेली पातेली बाहेर काढली, तीही भरली. परात भरली, डबे भरले, वैशालीला द्यायचा म्हणून कापडात गुंडाळलेला पितळी तांब्या भरला. शेवटी ती वाटी हातात घेऊन उभी राहिली.

“आता कशात भरू रं?”

पाणी मोरीतून वाहून गल्लीत चाललं होतं. काळूराम पुढे झाला आणि त्याने पाइपच्या तोंडावर तळहात दाबून धरला. बोटांच्या फटींतून धारा उडून त्याचा सदरा भिजला.

“उजाडलं की दुकानात जा,” तो म्हणाला. “एक तोटी घेऊन ये.”

“तोटी? पंधरा दिवसांनी जायचंय हितनं. या खोलीला आता तोटी कशाला?”

“आपल्यामागनं कोन ऱ्हायला येईल, त्याला लागंल,” काळूराम म्हणाला, आणि उजाडेपर्यंत हात तसाच धरून उभा राहिला.