शेजारच्या काकांवरचा राग

लेखिका नऊ वर्षांची असताना तिचे वडील "आलोच" म्हणून घरातून गेले, ते दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून बसले. त्यावर ती कधी रडली नाही. मोठेपणी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहू लागली. लोकांना हसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिच्या नव्या मालिकेतली नायिका शेजारच्या म्हाताऱ्या काकांना उठता-बसता फैलावर घ्यायची. प्रेक्षक पोट धरून हसायचे. काकांचं काम करणाऱ्या नटाला सेटवर सगळे भाऊ म्हणत. एकदा संहितेच्या वाचनाच्या वेळी भाऊंनी चष्मा काढला.

"बाई, एक विचारू? मी हिच्याकडे शिडी मागायला येतो. ही बोलते मात्र जन्मदात्याला बोलावं तसं. गुन्हा शेजाऱ्याचा आणि शिक्षा बापाची?"

सगळे हसले. लेखिकेला हसू आलं नाही. "भाऊ, पात्राच्या डोक्यात फार शिरू नका. वाक्यं पाठ करा."

पुढच्या भागाचं चित्रीकरण प्रेक्षकांसमोर होतं. चार दिवस न सांगता परगावी गेलेले काका दारात उभे. नायिका कडाडली, "सांगून जाता येत नाही? माणसं वाट बघतात!"

"वाट बघायला मी काय बस आहे?" हे लिहिलेलं उत्तर होतं. भाऊ मात्र म्हणाले, "चुकलं गं माझं. सांगून जायला हवं होतं."

नायिकेचं काम करणारी मुलगी पुढचं वाक्यच विसरली. दिग्दर्शकानं चित्रीकरण थांबवलं.

लेखिका तरातरा मेकअपच्या खोलीत गेली. "कुणी सांगितला होता हा शहाणपणा? तुम्ही कोण माफी मागणारे?"

"कुणीच नाही," भाऊ म्हणाले. "पण बाई, सहा महिने तुमचे बोल अंगावर घेतोय. घरी गेलो तरी उतरत नाहीत. परवा माझ्या लेकीचा फोन आला, तर उचलायची भीती वाटली. म्हटलं, ही आता काय बोलेल."

या माणसालाही लेक असेल, हे लेखिकेच्या कधी मनातही आलं नव्हतं.

बसचा विनोद पुन्हा चित्रित झाला, हशाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आत्याकडून नंबर घेऊन वडिलांना फोन लावला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही 'आलोच' म्हणाला होतात."

पलीकडून थकलेला आवाज आला, "असं म्हणालो होतो? खरंच आठवत नाही गं." मग, "जेवलीस का?"

"हो," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला रडू आवरेना.

संध्याकाळी तिनं पुढच्या भागातली काकांवरची सगळी आगपाखड खोडून टाकली. कागद बघून दिग्दर्शक वैतागला. "अहो, मग लोकांनी हसायचं कशाला?"

"माहीत नाही अजून," ती म्हणाली. "दोन दिवस द्या मला."