तीनशे गायींच्या वाटेत बंद झालेले फाटक

मी एक जुनी स्टेपनी आहे. प्रॉसर कुटुंबाच्या गाडीच्या पाठीवर मला टांगलेले आहे, त्यामुळे मित्रांनो, मी कुठेही पोहोचते ती पाठमोरीच. पुढे काय येणार ते इतरांना दिसते. काय मागे राहिले ते मला.

आम्ही पाच भावंडे एकाच साच्यातून निघालो. चौघांना जमीन मिळाली, मला हवापालट. ते चौघे ओढे ओलांडून आले, खडक तुडवून आले. मी चार वर्षे लाल धूळ खाल्ली. छोटी ब्रॉन माझ्यावर बोटाने पाली काढते, तिची आई डॉन ओले टॉवेल वाळत घालते. हवा मात्र कोणी तपासली नाही. जो काम करत नाही तो दमत नाही, असा लोकांचा समज आहे.

या जुलैत आम्ही किंबर्ली नावाच्या ओसाड, डोंगराळ मुलखातल्या घळींमध्ये तंबू ठोकत फिरत होतो. एका घळीतून दुसरीत जाताना गुरांची स्टेशने, म्हणजे गुरे पाळायची अफाट राने, ओलांडावी लागतात. एकेक स्टेशन एवढे मोठे, की मालकाची सगळ्या गायींशी तोंडओळखही नसते. वाटेतल्या फाटकांचा नियम एकच : जसे सापडेल तसे सोडायचे.

पण ब्रॉनचे वडील नेव्हिल दक्षिणेतल्या एका गोठेवाल्याच्या घरात वाढले. तिथे फाटक उघडे राहिले की पोराच्या कानाखाली बसे. अजूनही उघडे फाटक दिसले की त्यांचा डावा कान लाल होतो.

एके दिवशी एक फाटक खांबाला तारेने बांधून सताड उघडे ठेवले होते. आमची गाडी पार झाली. नेव्हिल उतरले, तार सोडवली आणि फाटक लावून टाकले.

"पप्पा, ते मुद्दाम बांधलं होतं," ब्रॉन म्हणाली.

"आळशी असतात गं काही लोक," म्हणत ते समाधानाने गाडीत बसले.

मी ओरडले असते. पण टायरला आयुष्यात एकदाच ओरडता येते, आणि त्यानंतर टायर उरत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टेशनच्या घरी डिझेल घ्यायला थांबलो. तिथला कारभार पाहणाऱ्या कोलीनबाईंनी चहा दिला आणि वाटेतले फाटक उघडेच आहे ना, असे सहज विचारले. नेव्हिलनी छाती फुगवून सांगितले, की उघडे होते, आपण लावले.

बाईंनी कप खाली ठेवला. "बाबा रे, पलीकडची टाकी आटलीये. तीनशे गायी त्या फाटकातून पाण्यावर येतात. कालपासून तहानलेल्या असतील." बाईंचा ट्रक दुरुस्तीला गेला होता. फाटक साठ किलोमीटर मागे होते.

नेव्हिलनी चहा अर्धा टाकला. गाडी अशी पळवली, की चाळिसाव्या किलोमीटरला माझा डावा भाऊ आयुष्यातले एकदाचे ओरडला.

मला खाली उतरवले. मी पोळीसारखी बसले.

"निघताना हवा बघितली होतीस ना?" डॉनने नवऱ्याला विचारले.

"चारांची बघितली."

"पाचापर्यंत मोजायला शाळेत नव्हतं का रे?"

मग पायपंप निघाला. नेव्हिल दमले की डॉन, डॉन दमली की ब्रॉन. ब्रॉन पंपावर उड्या मारत राहिली आणि मी फुगत गेले. मित्रांनो, तेवढे शेवटचे वीस किलोमीटर मी चाक होते. जमीन फार टोचते, पण छान असते.

फाटकाशी तीनशे गायी गाडीकडे बघत उभ्या होत्या. एकही हंबरली नाही, तेच जास्त लागले. नेव्हिलनी फाटक उघडले आणि ते टोपी काढून प्रत्येकीला "सॉरी, ताई" म्हणत उभे राहिले. शेवटी एक वासरू बसूनच राहिले. त्यांनी ते उचलले आणि धापा टाकत पाण्याच्या हौदापर्यंत नेले. वासराने आधी त्यांची बाही चोखली, मग पाण्यात तोंड घातले आणि बराच वेळ वर काढलेच नाही. ब्रॉनने फाटक पुन्हा उघडे बांधून तारेला सात वेढे दिले.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेलात की गाडीच्या स्टेपनीची हवा बघा; ती स्वतःहून मागणार नाही. आणि उघडे फाटक दिसले तर लावण्याआधी थोडे थांबा. त्यातून कोणीतरी पाणी प्यायला येणार असते.