दोन गल्ल्यांपलीकडचं माहेर

त्या रविवारी सुंदराबाईच्या घरात भांडण पेटलं होतं ते सुकटीवरून.

अंजनीला आठवा महिना सरत आला होता. पाय सुजून घोटे दिसेनासे झाले होते, कामगार विम्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला बजावलं होतं, आणि तिच्या जिभेला नेमकी सुकटच हवी होती.

"खात नाय मी. वास तर घेऊ द्याल का नाय, माई?" खाटेवर उशीला टेकून ती म्हणाली.

"वास घ्यायचा तर मोतीबाईच्या दारात जाऊन बस. तिच्या पापडांचा दिवसभर फुकट येतो." सुंदराबाईचे हात भाकरीवर होते, मान वळली नाही.

भिंतीपलीकडून मोतीबाईचा आवाज आला, "सुंदरा, मेरे पापड को बीच में क्यों लाती? बच्ची को एक दूँ क्या?"

"दे की! मग बीपीचं मशीनपण तूच घेऊन बस."

दारात चपला काढणाऱ्या उमाला हसू आलं, पण ते तिने ओठांतच ठेवलं. सुंदराबाईची ही लेक बदलापूरच्या शाळेत ग्रंथपाल होती. नवरा एका कारखान्यात अधिकारी, मुलगा तीन वर्षांचा. पंधरा दिवसांतून एकदा ती आईकडे येई आणि उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसे. खाटेवर बसायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

त्या खाटेचं सांगायचं तर रखमापासून सांगावं लागेल.

सुंदराबाई अंबरनाथच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. नवरा, शिवराम, तरुणपणीच गेलेला, पोर एकच. पॅकिंगच्या बाकावर तिच्या शेजारी रखमा बसायची. पगारातून विम्याची कपात झाली की साऱ्या बायका कुरकुरायच्या, "त्या गुलाबी पाण्याच्या औषधासाठी एवढं कशाला?" तरी ताप आला, पोराचा कान फुटला, की विम्याच्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडे जायच्याही. बाळंतपणाचं मात्र वेगळं होतं. बाळंतपण म्हणजे औषध नव्हे, ती रीत. आणि पहिलं बाळंतपण माहेरचं. रखमाला सातवा लागला, ओटी भरली, आणि म्हसा गावाच्या पुढे, डांबरी सडक जिथे संपते त्याच्याही पलीकडच्या गावी ती निघून गेली. जाताना विम्याचं कार्ड हरवू नये म्हणून पेटीत घालून कुलूप लावून गेली.

ज्या हॉस्पिटलात रक्त होतं, डॉक्टर होते, रखमाच्या हक्काची खाट होती, ते इथं राहिलं. तिकडं दोन दिवस अडल्यावर तिला बैलगाडीत घातलं. सडक लागायच्या आत ती गेली, मूलही गेलं.

"कार्ड पेटीत आणि बाई बैलगाडीत," सुंदराबाई एवढंच म्हणाली. उमा तेव्हा नववीत होती.

त्याच वर्षी पॅकिंगमधल्या दुसऱ्या एका पोरीला सातवा लागला. सुंदराबाई जाऊन तिच्या सासूपुढे बसली.

"पोरगी माहेरी जाणार ना? जाऊ दे की. रीत मोडा असं मी म्हणत नाही. फक्त माझ्याकडे येऊ दे. आजपासून मी तिची आई."

सासू पोट धरून हसली. "अगं, तुझं घर दोन गल्ल्यांवर! हे कसलं माहेर?"

"मग बरंच झालं. भाऊबीजेला चालत येईल."

सुंदराबाईने तांदूळ, नारळ, खण नेऊन ओटी भरली. स्वतः तिने हे सारं कधीच सोडलं होतं. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि घरात नारळ फुटला तर तो चटणीसाठी. पण दुसऱ्याच्या सासूला पटायला नारळ लागत असेल तर नारळ, असा तिचा रोकडा हिशेब. माहेर अगदीच जवळ वाटू नये म्हणून तिने रिक्षा स्टेशनला वळसा घालून आणली. दारात मोतीबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सिंध्यांत ही रीत आहे की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती पोर विम्याच्या हॉस्पिटलात बाळंत झाली, आणि पुढच्या खेपेस सासूच सुंदराबाईला शोधत आली.

मग खाट रिकामी राहिलीच नाही. पॅकिंगच्या, शेजारच्या कंपनीच्या, कुणाच्या भावजयी, कुणाच्या सुना. काही जणी पहिल्यांदा येताना स्वतःच्या पाण्याची कळशी घेऊन यायच्या. का, ते सुंदराबाईला कळायचं. ती बोलायची नाही. हॉस्पिटलात जायचा दिवस उगवेतो त्याच पोरी तिच्या कपातला चहा अर्धा अर्धा करून प्यायच्या. लोहाच्या गोळ्यांनी मूल काळं होतं म्हणून त्या गोळ्या गटारात टाकायच्या, तर ही समोर उभी राहून गिळायला लावायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायला सांगायची. तिचा एक नियम साऱ्यांना पाठ होता: डोकं दुखलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तर निजायचं नाही, उठायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

उमाने दहावीचा अभ्यास उंबऱ्यात केला, बारावीचाही. खाटेवर कुणीतरी परकी बाई कुशीवर वळत असायची. उमा त्यांना पाणी द्यायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पण सगळ्यांना "तुम्ही"च म्हणायची. लग्न झाल्यावर ती वस्तीचं नाव घेऊन "कॅम्प पाचला जाऊन येते" म्हणे, किंवा "आईकडे". माहेर हा शब्द तिने त्या घरासाठी कधी उच्चारला नाही. इतक्या जणींनी तो वापरला होता की आपल्या वाट्याला त्यातलं काही उरलंय असं तिला वाटत नसे.

तिला स्वतःला दिवस गेले तेव्हाही खाटेवर कुणीतरी होतं. "तू ये गं, खाली गादी घालू," आई म्हणाली. उमाने सांगितलं, "नको, इथंच बरं आहे." बदलापूरच्या खाजगी प्रसूतिगृहात ती बाळंत झाली. आई डिंकाचे लाडू घेऊन आली, नातवाला मांडीवर घेऊन खूप वेळ बसली, आणि दिवेलागणीच्या आत निघाली. खाटेवरची पोरगी घरी एकटी होती.

तर, तो रविवार. निघताना आईने भाकरी आणि सुकट कागदात बांधून उमाच्या पिशवीत घातली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मंगळवारी हिला तपासणीला न्यायचंय. माझी सकाळपाळी. तू येशील?"

"बघते."

"तुझं बघते म्हणजे आभाळातलं विमान. दिसतं, उतरत नाही," आई म्हणाली, पण हसून. कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. उमा वळून पाहील म्हणून उभी होती की नाही, कुणास ठाऊक. उमाने वळून पाहिलं नाही. त्या दिवशी तसं काही कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी कामावर निघताना सुंदराबाई चपलेत पाय घालता घालता दारातच बसली. मोतीबाईला वाटलं, चपलेचा अंगठा तुटला असेल. हाक मारली तर ओ नाही. रिक्षा हॉस्पिटलच्या फाटकातून आत गेली तेव्हा तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पांढऱ्या साडीतल्या आईपुढं मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण झालं, आणि मग बायका येऊ लागल्या. अंबरनाथहून, सोनिवलीहून, कॅम्प एकहून. कुणाच्या कडेवर मूल, कुणाचं मूल आईच्या खांद्याला लागलेलं. जी ती "माई गं" म्हणून उंबऱ्यातच बसकण मारायची. उमा एका बाजूला उभी होती. तिने मरणाबद्दल खूप वाचलं होतं. त्यातलं एक वाक्यही कामाला येत नव्हतं. तिच्या आईसाठी रडणाऱ्यांत तिची पाळीच येत नव्हती.

मंगळवार असाच गेला. तपासणीची आठवण कुणालाच राहिली नाही.

बुधवारी अंजनीची सासू आली, बरोबर नवरा मधु. अंजनी दोन दिवस मोतीबाईकडे होती. सासूने तिची पेटी खाटेखालून ओढून काढली.

"चल गं. मयताच्या घरात पोटुशी बाय ठेवीत नाय. म्हशाची एसटी गाठायची. तुझ्या भावाला निरोप धाडलाय."

"आत्या, डोकं लय दुखतंय," अंजनी म्हणाली. "सकाळपासनं."

"रडून रडून दुखतंय. गावचा वारा लागला का थांबेल."

"पैर तो देखो इसके!" मोतीबाई म्हणाली.

"पाय सगल्यांचंच सुजतात, बाई. आमचं नाय का सुजलं?"

उमा आईची ताटं पुसत होती. हातातलं ताट तिने खाली ठेवलं. "डोळ्यांपुढं काही चमकतंय का?" तिने विचारलं.

अंजनीने मान हलवली. चमकत होतं.

"एसटी दुपारीही आहे," उमा सासूला म्हणाली. "आधी हॉस्पिटल. तपासून घेऊ, मग तुम्ही ठरवा." आवाज चढला नव्हता, तरी मधुने पेटी उचलली ती रिक्षाच्या दिशेने. सासूही बसली, पुटपुटत. "तपासला का थेट गावाला. सांगून ठेवत्ये."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी अंजनीच्या दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला, आणि पुन्हा एकदा पाहिला. मग त्या सासूकडे वळल्या. "हिला कुठंही न्यायचं नाही. आत्ता भरती करायची. वाटेत झटके आले तर आई आणि मूल, दोघंही हाताला लागायची नाहीत."

मधुचा चेहरा उतरला. तो आईकडे पाहू लागला.

नर्सबाई कागद घेऊन आल्या. खाली मान घालून, सवयीने विचारलं, "माहेरचं कोण आलंय? सुंदराबाई कुठंयत?" आणि वर पाहिल्यावर, उमाचा दुखवट्याचा पांढरा पदर पाहिल्यावर, त्यांनी पेन खाली घेतलं.

मग सासूच बोलली. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"मी काय वैरीन हाय का हिची? मलाबी नातू पायजे. पन पयला बालंतपन म्हायेरचा. दुखायला लागला का पोरीला आपल्या मान्साचा हात लागतो. सुंदराबाय होती तवर मी कदी नाय बोलले का? माय गेली, म्हायेर सरला. आता हिच्या म्हायेरचा इथं हाय कोन?"

अंजनी बाकावर डोळे मिटून बसली होती. तिचा हात उमाच्या पदराच्या टोकाला लागला होता. तिने तो धरला नव्हता, नुसता लागला होता. सकाळी प्रसूत झालेली एक बाई कॉरिडॉरच्या टोकाला बाळाला घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे तिची आई, हातात गरम पाण्याची पिशवी घेऊन. ज्या जागी ती आई उभी होती तिथंच, त्याच भिंतीशी, सुंदराबाई इतकी वर्षं उभी राहिली असणार. उमा इथं कधी आलीच नव्हती.

तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. रक्तदाब म्हणजे काय, एसटीला किती वेळ लागतो, रखमाचं काय झालं. पण सासूने त्यातलं काहीच विचारलं नव्हतं. सासूने जे विचारलं होतं त्याचं उत्तर रीतीतच होतं, आणि ते देऊ शकेल असं माणूस त्या कॉरिडॉरमध्ये एकच होतं.

उमाने अंजनीचा हात धरला.

"माहेर सरलं नाही," ती म्हणाली. "आई नसली की थोरल्या बहिणीकडं असतं ना माहेर? तुमच्यात असतं ना?"

"असता," सासू म्हणाली. "पन थोरली भईन पायजे ना."

नर्सबाईंनी पेन पुन्हा उचललं होतं.

"लिहा," उमा म्हणाली. तिने साऱ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं सांगितलं, "कॅम्प पाचचं घर माझं माहेर आहे. ही माझी धाकटी बहीण. हिच्या माहेरची मी आहे."