पाठमोरी खुर्ची

कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवता शिकवता सरांची सव्वीस वर्षं निघून गेली आणि तेवढ्या काळात अकरा करंडक प्राचार्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जाऊन बसले. पहाटे साडेपाचचा सराव त्यांनी एखाद्या नेमासारखा पाळला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही चुकवला नाही, हे बायको अजून ऐकवते. त्यांची सगळी शिकवण एका वाक्यात मावायची: "पास देण्याआधी माझ्याकडे बघ." कानाला हात म्हणजे डावीकडे, गुडघ्यावर थाप म्हणजे थांब, चष्मा पुसला की फेक.

आता बारावा करंडक. निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि प्राचार्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "करंडक आणा, दोन वर्षं मुदतवाढ देतो. नाहीतर निरोपाची तारीख काढू." सरांना ती दोन वर्षं हवी होती. घरी बसून करायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापेक्षा बायकोला जास्त पडला होता.

आणि नेमक्या अंतिम सामन्यात मुलींनी घोळ घातला. मध्यंतराला चौदा गुणांनी मागे! चेंडू हातात आला रे आला की समोरच्या मुली तो काढून घेत होत्या.

समोरच्या संघाची कोच सरांचीच जुनी विद्यार्थिनी. पाण्याच्या टाकीपाशी सरांनी तिला गाठलं.

"माझ्या खुणा फोडल्यास ना? गुरूलाच गंडवतेस?"

"अहो सर, खुणा मला कुठे आठवतायत आता! तुमच्या मुली पास देण्याआधी तुमच्याकडे बघतात. आम्हीही बघायचो. मी माझ्या पोरींना एवढंच सांगितलं, की मान वळली की चेंडू घ्यायचा."

सरांनी प्यायला भरलेला ग्लास तसाच ठेवला आणि तरातरा मुलींकडे गेले.

"आजपासून माझ्याकडे बघायचं नाही. कळलं?"

अकरा जणींनी त्यांच्याकडे बघितलं. बारावी बुटाची नाडी बांधत होती, तिनेही मान वर केली.

"म्हणजे कधी बघायचं नाही, सर?" चिमणीने विचारलं. संघातली सगळ्यात बुटकी, पण खेळ तीच चालवायची.

"कधीच नाही!"

"पण एखाद्या वेळी बघायचं असेल, तर ते कळायला बघावं लागेल ना?"

"अगं बाई, माझा अंत बघू नकोस!"

खेळ सुरू झाला. पहिला चेंडू चिमणीच्या हातात आला, तिने सवयीने बाकाकडे मान वळवली आणि चेंडू गेला. "बघू नको!" सर ओरडले. ओरडल्यामुळे उरलेल्या चौघींनी बघितलं. दोन गुण आणखी गेले. त्यांनी तोंडासमोर टॉवेल धरला, तर मुली टॉवेलचा अर्थ लावत बसल्या. तिसरं सत्र संपल्याची शिट्टी झाली तेव्हा फरक सोळा गुणांचा होता.

सर उठले, प्लास्टिकची खुर्ची उचलली, फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसले. पंच धावत आले.

"सर, बरं वाटत नाहीये का?"

"मला उत्तम वाटतंय. तुम्ही तुमची शिट्टी सांभाळा."

भिंतीवर रंगाचे पोपडे आणि एक बंद पडलेलं घड्याळ. मागे बुटांची चरचर, चेंडूची थाप. एकदा तर थाप मध्येच थांबली आणि सरांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग चिमणीचा आवाज आला, "अगं, पाठीकडे काय बघतेस त्यांच्या? टाक इकडे!"

त्यानंतर ती गप्प झालीच नाही. कुणाला ये म्हणायची, कुणाला सरक म्हणायची, एकीला तर चक्क म्हैस म्हणाली. सरांनी सव्वीस वर्षांत मैदानात मुलींना बोलू दिलं नव्हतं. त्यांच्या मागून फरक हळूहळू घटत होता, हे त्यांना फक्त प्रेक्षकांच्या आवाजावरून कळत होतं. शेवटची शिट्टी झाली, मुली किंचाळत अंगावर येऊन आदळल्या तेव्हा कळलं, एका गुणाने जिंकलो.

प्राचार्य पहिल्या रांगेतून उठून आले. चेहरा अभिनंदनाचा, पण कपाळाला आठी.

"सर, तुम्ही शेवटची दहा मिनिटं भिंतीकडे बघत होतात."

"हो."

"म्हणजे मुली तुमच्याशिवाय जिंकल्या. मग मुदतवाढ कशासाठी?"

सरांनी कपाळावर हात मारला. "साहेब, त्यासाठीच! सव्वीस वर्षं मी चुकीचं शिकवलं, हे आज कळलंय. नीट शिकवायला दोन वर्षं तरी लागतील."

"चुकीचं शिकवून अकरा करंडक आले?"

"आले."

"मग तेच शिकवा की, कशाला बदलता!" प्राचार्यांनी सुस्कारा सोडला. "हे बघा, सोमवारी पत्र देतो. पण पुढच्या वर्षी तोंड मैदानाकडे करून बसायचं. पालक विचारतात."

सर वाद घालायला निघाले होते. पण मागे मुली शेवटचा पास कुणी चुकवला यावरून कडाकडा भांडत होत्या आणि त्यांच्यातली एकही सरांना विचारायला येत नव्हती. ते भांडण त्यांना नीट ऐकायचं होतं.

"बसेन," ते म्हणाले. "पत्रात मात्र तसं लिहू नका."